चित्ररथाचे फोटो-व्हिडिओ पाठवण्याबाबत

सभासदांनो, शिवजयंती मिरवणुकीतल्या आपल्या चित्ररथाचे फोटो रविवारपर्यंत द्या. शहापूर, अनगोळकडच्यांची अजून वाट बघतोय.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो टाकला की तो आकसतो. फलकावर छापताना मावळ्यांचे चेहरे पुसट होतात. म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवा, 2 जीबीपर्यंतची फाइल जाते. फिल्टर, चकाकी, गुलाबाच्या चौकटी नकोत (गेल्या वर्षी कुणीतरी घोड्याला काळा चष्मा चढवला होता!). व्हिडिओला सिनेमातलं गाणं लावू नका. यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो, कधी आवाजच बंद होतो. आपला ढोल-ताशा काय कमी आहे?

ज्यांना हे जमत नाही, त्यांनी संध्याकाळी 7 नंतर मेमरी कार्ड घेऊन मंडळात यावं. उतरवून लगेच परत देऊ.

– कार्यवाह