विधवेची दमडी आणि लिलावातले अंडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुगी आटोपली की नगर-जालना पट्ट्यातल्या खेड्यांतून ख्रिस्ती मंडळ्यांचा, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायांचा, कापणीचा सण होतो. वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, केळीचा घड, पाय बांधलेली एखादी कोंबडी आणि वाटीत चार गावठी अंडी. उपासना संपली की लिलाव. एक अंडे पाचशेला जाते, घेणारा ते तिथल्या तिथे पुन्हा अर्पण करतो, पुन्हा बोली लागते, पुन्हा टाळ्या. मोठी मौज असते आणि मंडळीच्या तिजोरीत भरही पडते. वहीत मात्र चढते ती बोली. अंडी घेऊन आलेल्या बाईच्या घरी त्या दिवशी किती अंडी उरली, हे कोणी विचारत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत ‘त्यागपूर्वक देणे’ म्हणजे काय, हे नेमके त्या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातली गरीब विधवा सर्वांना पाठ आहे. येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहतो. मिश्ना या यहुदी ग्रंथानुसार मंदिरात तुतारीच्या आकाराच्या तेरा दानपेट्या होत्या. श्रीमंत पुष्कळ टाकतात, ती दोन टोल्या म्हणजे एक दमडी टाकते. अशा चौसष्ट दमड्यांचा एक दिनार होई, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. आज रोजची मजुरी ६४० रुपये धरली तर तिचे दान दहा रुपयांचे. येशू म्हणतो, तिने सर्वांपेक्षा अधिक टाकले, कारण बाकीच्यांनी भरलेल्यातून टाकले आणि हिने आपली सगळी उपजीविका. म्हणजे हातातून किती गेले यावर हे माप नाही, हातात किती उरले यावर आहे.

प्रवचन बहुधा इथे थांबते आणि अर्पणाची थैली फिरू लागते. पण त्याच्या लगेच आधीचे वचन पाहावे. ‘विधवांची घरे गिळणाऱ्या’ आणि लांबलचक प्रार्थनेचे ढोंग करणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने तिथे कोरडे ओढले आहेत. तेराव्या अध्यायाच्या आरंभी तो म्हणतो, या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये ती विधवा उभी आहे. तिच्या श्रद्धेचा गौरव आहेच. पण जिला या भांडारातून मिळायला हवे, तिनेच शेवटची दमडी इथे टाकावी, यात त्या व्यवस्थेवरचा ठपकाही आहे. गरिबाला ‘तूही तिच्यासारखे सगळे टाक’ असे सांगण्यासाठी हा उतारा वापरणे म्हणजे त्याच्या आधीचे वचन झाकून ठेवणे.

जुन्या करारातला अर्पणाचा नियमच मुळी उतरत्या पायऱ्यांचा आहे. लेवीय पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात होमार्पणासाठी बैल, नाहीतर मेंढा किंवा बकरा, नाहीतर होला किंवा पारवा. पाचव्या अध्यायात पापार्पणाची पायरी याहून खाली जाते. दोन होलेही झेपत नसतील तर एक दशमांश एफा, म्हणजे साधारण दोन लिटर मापाचे, सपीठ. तेही तेल किंवा धूप न घालता. गरिबाचे अर्पण स्वस्त व्हावे म्हणून महागडे जिन्नस शास्त्रानेच काढून टाकले. बाराव्या अध्यायात बाळंतिणीसाठी कोकरू सांगितले आहे, ऐपत नसेल तर दोन पक्षी. शुभवर्तमानकार लूक सांगतो की येशूच्या जन्मानंतर त्याचे आईबाप मरीया-योसेफ यांच्या वेळी पक्ष्यांचेच अर्पण झाले. येशूचे घर कोकराच्या पायरीवरचे नव्हते.

दशमांशाबद्दलचा गोंधळ यापेक्षा मोठा आहे. ‘ख्रिस्ती माणसाने दहा टक्के द्यायचे’ एवढेच बाहेरच्यांना ठाऊक असते, आणि आतल्यांनाही बऱ्याचदा तेवढेच. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश शेताच्या पिकावर, झाडांच्या फळांवर आणि गुराढोरांवर आहे, मजुरीवर नाही. गुरे काठीखालून मोजत न्यायची आणि दहावे येईल ते द्यायचे. चांगले-वाईट निवडायचे नाही. हा भाग लेव्यांना, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशाला, आणि लेव्यांनी त्यातला दशमांश पुन्हा याजकांना. ‘अनुवाद’ नावाच्या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आणखी एक तऱ्हा आहे. तिथे दशमांश देणाऱ्याने स्वतःच परमेश्वरापुढे कुटुंबासह खायचा, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालायचे. थोडक्यात, विधवा दशमांश घेणाऱ्यांच्या यादीत आहे. मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकातले ‘सगळा दशमांश भांडारात आणा’ हे वचन ऐकवताना हे कोणी सांगत नाही. आजही कोणाला दहावा हिस्सा ही शिस्त म्हणून पाळायची असेल तर चांगलेच आहे. पण महिना आठ हजारांत घर चालवणाऱ्याचे आठशे आणि दोन लाख पगारवाल्याचे वीस हजार हे समान नव्हेत. पहिल्याच्या घरी किराणा अडतो, दुसऱ्याच्या घरी काहीच अडत नाही.

कर्ज काढून दिलेल्या दानाला तर त्याग म्हणताच येत नाही. जुन्या करारात अरौना नावाच्या माणसाने दावीद राजाला वेदीसाठी आपले खळे, बैल, इंधनाची लाकडे सारे फुकट देऊ केले, तेव्हा ज्यासाठी मला काही मोजावे लागले नाही ते मी परमेश्वराला वाहणार नाही, असे म्हणून राजाने पन्नास शेकेल रुपे मोजून दिले. उसन्या पैशातले दान हे सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या पैशातले दान आहे, आणि ते फेडताना ओढ बसते ती लेकरांच्या पोटाला. आईबापाला द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये कोणत्या शब्दांत सुनावले आहे तेही वाचावे. आईच्या औषधाचे पैसे थैलीत टाकणाऱ्याला मंडळीने थांबवले पाहिजे.

या सगळ्याच्या मुळाशी एक सिद्धांत आहे. ख्रिस्ताने स्वतःचे अर्पण एकदाच आणि कायमचे केले, असे इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय सांगतो. त्यामुळे ख्रिस्ती माणसाचे देणे पापाची किंमत नाही आणि आशीर्वादाची आगाऊ रक्कमही नाही. ते उपकारस्तुतीचे देणे. ‘हजार पेरा, लाख कापा’ असा हिशेब सांगून गोळा होणाऱ्या ‘बीज-अर्पणा’त त्याग कुठे आहे? ती गुंतवणूक झाली, आणि तीही परताव्याची खोटी हमी देणारी. सक्तीच्या देण्याचेही तेच. आरंभीच्या मंडळीतल्या हनन्याने शेत विकून काही रक्कम मागे ठेवली, तेव्हा प्रेषित पेत्र त्याला म्हणतो की शेत तुझेच होते आणि विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. दोष पैसे ठेवल्याचा नव्हता, सगळे दिले असे खोटे सांगितल्याचा होता. कोणी किती दिले त्याची यादी भोंग्यावरून वाचण्याची पद्धत असेच हनन्या तयार करते. शिवाय ज्याचे नाव यादीत नाही तो पुढच्या रविवारी शेवटच्या बाकावर बसतो आणि त्याच्या पुढच्या रविवारी येतच नाही.

मग द्यायचे कसे? प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रातून दिलेली रीत आजही जशीच्या तशी चालते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने घरी काही बाजूला ठेवावे, म्हणजे पौल आल्यावर ऐनवेळी वर्गणी करावी लागू नये. मिळकतीच्या मानाने, म्हणजे कमाई नसलेल्या आठवड्यात शून्यही चालते. दुसऱ्या पत्रात तो स्पष्टच लिहितो की असेल त्याप्रमाणे द्यावे, नसेल त्याप्रमाणे नव्हे; दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला ओढाताण व्हावी असा हेतू नाही. आणि ही सारी जमवाजमव इमारतीसाठी नव्हती, यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती.

मिझोरामच्या मंडळ्यांतली ‘बुहफाई थाम’ ही रीत याच जातीची. प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना घरातली बाई मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढते. ते गोळा करून विकतात आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. मूठ चाळीस ग्रॅमची धरली तर दोन वेळचे ऐंशी, महिन्याला २ किलो ४०० ग्रॅम. कोणी उपाशी राहत नाही, पण रोज दोनदा हात डब्याकडे जातो. कॅथलिकांच्या उपवासकाळातही हेच तत्त्व आहे. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्यांनी एकदाच पूर्ण जेवायचे आणि वाचलेले भुकेल्यांना द्यायचे. हा दुसरा अर्धा भाग विसरला की उरते ते निव्वळ पथ्य.

घेणाऱ्यांची जबाबदारी यापेक्षा कमी नाही. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून पौल ती एकट्याने नेत नाही, तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतो. आपल्याकडे थैली बऱ्याचदा एकट्या खजिनदाराच्या घरी जाते आणि पुढची कुजबुज तिथून सुरू होते. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी उपासनेनंतर तिथेच मोजावे, नोटा-नाणी वेगळी लिहून दोघांनी सही करावी आणि सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरावी. त्यातून आधी मांडवाचे भाडे देऊन उरलेली भरली, की वर्षअखेरीस हिशेब जुळत नाही आणि लेखापरीक्षकापुढे खजिनदार नसत्या संशयात सापडतो.

मोजणाऱ्यांना थैलीत आणखी एक गोष्ट हमखास सापडते: दुकानदाराने नाकारलेली, चिकटपट्टी लावलेली दहाची नोट. आंधळे, लंगडे जनावर वेदीवर आणता, ते तुमच्या सुभेदाराला नेऊन पाहा, असे मलाखी म्हणतो ते हेच. विधवेच्या दानाचे मोल आजच्या मजुरीने दहा रुपयेच भरते, म्हणून नोट दहाची आहे ही तक्रार नाही. ती बाजारात चालेना म्हणून देवाला आली, ही आहे.

कापणीच्या सणाला लिलाव जरूर व्हावा. त्याआधी फक्त एवढे करावे की वेदीपुढे आलेले सगळे, नावे न घालता, जसे आले तसे वहीत उतरवावे: बाजरी दोन पायली, भोपळे तीन, कोंबडी एक, अंडी चार. बोली पुढच्या पानावर लिहिता येईल.

आपला,
मंडळीच्या हिशेबाचे काम पाहणारा एक वाचक, अहिल्यानगर