बेदाण्यांची पिशवी आणि गुंड्या

पुणे,
12 ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "एक तर केक कर, नाही तर कुत्री-मांजरं सांभाळ. दोन्ही एका घरात शोभत नाही." आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईच्या हातात. आईने लगेच विषय मावशीच्या गुडघ्यावर नेला. म्हणून हे पत्र. फोनवर मला मधेच तोडता येतं, कागदावर येत नाही.

तिकडे छाटणी चालू असेल. घाई नाही, जेवणं झाल्यावर सावकाश वाचा. आई, तू मोठ्याने वाच, आणि मधे एका ठिकाणी तुला थांबावंसं वाटेल तिथे थांबू नकोस, पुढे वाच.

बाबा, तुमची भीती मला कळते. उद्या कुणाच्या केकात केस निघाला तर चार वर्षांत मिळवलेलं नाव एका दिवसात जाईल, हेच ना? तसं होता होता राहिलंय. पहिल्या वर्षीची गोष्ट. एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक होता, दीड किलोचा, वरून पांढरा फाँडंट, म्हणजे साखरेची लाटलेली पोळी. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. दिव्याखाली फिरवून बघत होते तर बाजूला बोटभर लांबीची एक सोनेरी रेघ. आधी वाटलं, चमकीचा धागा. नखाने उचलायला गेले तर अर्धा केस बाहेर, अर्धा फाँडंटच्या आत लाटला गेलेला. आमच्या कुत्र्याचा, गुंड्याचाच. अभिजित म्हणाला, चिमट्याने ओढ, वर एक फूल चिकटव, कुणाला कळणार आहे? चिमटा हातात घेतलाही होता मी. मग ठेवला. एक केस दिसला, न दिसलेले किती असतील? पहाटे तीनपर्यंत दुसरा केक केला, आणि पहिला आम्ही घरच्यांनी चार दिवस खाल्ला. ओवीला अजून फाँडंट बघवत नाही.

त्या रात्रीनंतर मागची खोली मी धंद्याला दिली. तोवर स्वयंपाकघरातच सगळं चालायचं, आणि आमचं स्वयंपाकघर म्हणजे हॉलचाच एक कोपरा, मधे दार नाही. आता ओव्हन, मिक्सर, स्टीलचं टेबल, क्रीमचा फ्रीज, सगळं मागच्या खोलीत आहे. दार आपोआप लागतं, आतून कडी आहे. तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा "पाहुण्यांची खोली कुठे गेली" म्हणून आई हिरमुसली होती. ती इथे गेली.

नुसतं दार लावून भागत नाही, हेही शिकले. कुत्र्याचे केस अंगावरून आत येतात, हवेतून येतात. सकाळी उठल्यावर आधी व्हॅक्यूम. लगेच पुसायचं नाही, कारण झाडताना उडालेलं खाली बसायला अर्धा तास लागतो. मग ओल्या फडक्याने पुसायचं, मग आंघोळ, मग त्या खोलीतच टांगलेले कपडे घालून डोक्याला टोपी. ते कपडे घरात घालायचे नाहीत, घरातले आत न्यायचे नाहीत. आयसिंग करताना पंखा बंद. आणि माझा ॲप्रन काळा आहे. सगळे विचारतात, बेकर आणि काळा ॲप्रन? गुंड्या तांबूस-पिवळा, मनी पांढरी. पांढऱ्या ॲप्रनवर यातलं काय दिसणार? काळ्यावर एक केस असला तरी हाक मारतो. चिकट रोलर दाराला टांगलाय, आत जाताना एकदा फिरवायचा. आजीचं सोवळं आठवतं का? ओवी त्यालाच "आईचं सोवळं" म्हणते. काम सुरू झाल्यावर बाहेर येऊन गुंड्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला तरी परत सगळं पहिल्यापासून. म्हणून तो दाराबाहेर पाय पसरून झोपतो आणि मी आतून त्याच्याशी बोलते.

मनीचा त्रास वेगळा. मांजराला गोड चवच कळत नाही, जिभेवर ती सोयच नसते. त्यामुळे केकमध्ये तिला काडीचा रस नाही. तिला फक्त लोणी हवं. अमूलच्या पाकिटाचा कागद सोलल्याचा आवाज ती दोन भिंतींपलीकडून ओळखते.

आणि हे काही मी चोरून करत नाही. 2021 साली अन्न परवान्याची नोंदणी केली, तेव्हा लहान धंद्याला वर्षाचे 100 रुपये होते. तो चौदा आकडी नंबर डब्यावर छापलेला असतो, आईने कौतुकाने वाचला होता. नियमांत सरळ लिहिलंय की जिथे खाण्याचा माल तयार होतो तिथे पाळीव प्राणी येता कामा नयेत. त्यासाठीही ती खोली. शिवाय नवीन गिऱ्हाइकाला पहिल्याच मेसेजमध्ये मी कळवते: घरात एक कुत्रा आणि एक मांजर आहे, बेकिंगची खोली वेगळी आणि बंद आहे. अभिजितला हे पटत नाही, धंद्यात आपण होऊन कोण सांगतं म्हणतो. पण ज्याच्या पोराला मांजराची ॲलर्जी आहे त्याला हे आधी कळायला नको का? तीन-चार ऑर्डरी गेल्या असतील यामुळे. एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे चालत नाही हो. म्हटलं, बरं. बाकीचे? बाबा, तुम्हाला हसू येईल, पण लोक कुत्र्याचं विचारतच नाहीत. त्यांना विचारायचं असतं, बिनअंड्याचा केक ज्या भांड्यात करता त्यात कधी अंडं फेटलंय का. (नाही. भांडी वेगळी आहेत. हे मी दिवसाला पाच वेळा सांगते.)

आता तुम्हालाच विचारते. आपल्या बेदाण्याच्या शेडवर कुत्रा नव्हता? वाघ्या होता की. फेब्रुवारी ते एप्रिल, शेड भरलेलं असताना तो फाटकाशी बांधलेला. चार किलो द्राक्षं वाळून एक किलो बेदाणा होतो, त्यातला दाणा वाया गेला तर तुमचा जीव तुटायचा, आणि रॅकजवळ चप्पल घालून गेलं की आम्हा पोरांना फटका बसायचा. पण "एक तर बेदाणा करू, नाही तर वाघ्याला ठेवू" असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. वाघ्याची जागा फाटकाशी, बेदाण्याची रॅकवर, मधे तुम्ही. मी याहून वेगळं काय करते?

आता जे लिहायचंय ते अकरा महिने लिहिलेलं नाही. आई, थांबू नकोस.

गेल्या नोव्हेंबरात बाबांनी पाच किलो बेदाणा पाठवला होता, नाताळच्या प्लम केकसाठी. पार्सल आलं तेव्हा माझा एक केक ओव्हनमध्ये होता आणि दुसऱ्याचं क्रीम फेटून तयार. पार्सल उघडलं, पिशवी पॅसेजमध्ये खुर्चीवर ठेवली, आणि दहा मिनिटांत आत घेते म्हणून खोलीत गेले. दहाची चाळीस झाली. बाहेर आले तर पिशवी फाटलेली, बेदाणे फरशीभर, आणि गुंड्या जिभेने मिशा पुसतोय.

तुम्हाला माहीत नसेल, मलाही कुत्रा आणल्यावरच कळलं. बेदाणा कुत्र्याला विष आहे. द्राक्षंही. मूत्रपिंड निकामी होतं. किती खाल्ल्यावर, ते कुणी खात्रीने सांगू शकत नाही. एखादा मूठभर पचवतो, एखादा थोडक्यातही जातो, म्हणून डॉक्टर एकही नको म्हणतात. चॉकलेटचं सगळ्यांना ठाऊक असतं, कोको मी पहिल्यापासून वरच्या कपाटात कुलपात ठेवते. यीस्टची कच्ची कणीकही कधी उघडी ठेवत नाही, ती कुत्र्याच्या पोटात फुगत राहते आणि तिच्यातून दारू तयार होते. एवढं सगळं सांभाळलं, आणि घात झाला तो पॅसेजमध्ये. खोलीला कडी होती, वाटेला नव्हती.

फोनवर डॉक्टरांनी पहिलं विचारलं, किती खाल्ले असतील? मी काय केलं असेल? फरशीवरचा आणि पिशवीतला सगळा बेदाणा गोळा करून केकच्या वजनकाट्यावर ठेवला. 4 किलो 740 ग्रॅम. म्हणजे 260 गेले, कुत्रा 19 किलोचा. हात थरथरत होते पण काटा शून्यावर आणायला विसरले नाही, याचं मला अजून हसू येतं. रिक्षावाल्याने कुत्रा बघून आधी नकार दिला, मग माझं तोंड बघून बसवलं.

दवाखान्यात इंजेक्शन देऊन उलटी करवली. बाबा, तुमचा माल ओळखू येत होता. हिरवट, लांब दाणा, पाणी पिऊन फुगलेला, बराचसा न चावता गिळलेला. दोन दिवस सलाइन, तीन दिवस रोज रक्त तपासून क्रिएटिनिन बघायचं, मूत्रपिंड नीट चालतंय का ते त्यावरून कळतं. साडेअकरा हजार झाले. तीनही रिपोर्ट ठीक आले. वेळेत नेलं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. त्या तीन दिवसांत मी सात ऑर्डरी रद्द केल्या आणि सगळ्यांना "तब्येतीच्या कारणाने" असं कळवलं. कुणाच्या तब्येतीच्या, ते लिहिलं नाही.

तुम्हालाही नाही सांगितलं. आधी वाटलं, बाबांना लागेल, त्यांच्या बेदाण्याने झालं म्हणून. मग वाटलं, बाबा म्हणतील, बघ, मी सांगत होतो. दोन्हीची भीती वाटली आणि दिवस गेले.

नंतर मी याच्यावर बरंच वाचलं. द्राक्षात नेमकं काय असतं की ज्याने कुत्रा मरतो, हे वर्षानुवर्षं कुणाला उलगडत नव्हतं. मग अमेरिकेत प्राण्यांच्या विषबाधेचं काम करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की घरी केलेली खेळायची कणीक खाऊन एका कुत्र्याची मूत्रपिंडं तशीच बिघडली होती. आणि त्या कणकेत होतं क्रीम ऑफ टार्टर. 2021 मध्ये त्यांनी टार्टरिक आम्लावर बोट ठेवलं. द्राक्षात ते भरपूर असतं, चिंचेतही असतं. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे मी अंड्याचा पांढरा फेस टिकावा म्हणून चिमूटभर घालते ती पावडर! इतकी वर्षं ती उघड्या फळीवर मिठाच्या शेजारी होती. आता कोकोबरोबर कुलपात गेली. आईने पाठवलेली चिंचसुद्धा.

वाघ्याला कसं काही झालं नाही, हे तुम्ही विचारणार. तो बांधलेला होता, बाबा. शिवाय तो कधी दोन दिवस मलूल पडला तर आपण "उन्हाने झालं असेल" म्हणून सोडून देत होतो. शेवटी तो कशाने गेला हे आपल्याला कुठे माहीत आहे? हे लिहू की नको असं झालं होतं. लिहिलं.

तर आता पार्सल आलं की आधी खोलीत, मग सही. डिलिव्हरीवाला पोरगा दारात ताटकळतो, ताटकळू दे. पॅसेजलाही कमरेएवढं फाटक बसवलंय. मनी त्यावरून उडी मारते आणि वर बसून गुंड्याकडे बघते, तेवढाच तिचा करमणुकीचा कार्यक्रम.

केक मी सोडणार नाही, गेल्या नाताळात उशीर होऊनही छत्तीस प्लम केक गेले. गुंड्यालाही कुठे पाठवणार नाही. तुम्ही म्हणालात की त्याला तासगावला आणून सोड, शेडवर राहील. तुमच्या मनात चांगलंच होतं, पण सगळं वाचल्यावर तुम्हीच सांगा, त्याला बेदाण्याच्या शेडवर पाठवू?

यंदाही पाच किलो लागेल. लांब दाणाच द्या, भाव बाजाराचा लावा, मागच्या वेळसारखं "घरचाच आहे" करू नका, मला हिशेबात धरायचा असतो. आई, तुझ्यासाठी गव्हाच्या पिठाची गूळ घातलेली नानकटाई करून ठेवते, तुझ्या साखरेला चालेल एवढीच, दोन. मोजून.

दिवाळीनंतर येताय म्हणालात. झोपायला आमची खोली तुम्हाला, आम्ही हॉलमध्ये. एकच विनंती. बाबा, मागच्या वेळी तुम्ही सकाळी बाकावर बसून पेपर वाचायचात आणि गुंड्या तुमच्या पायाशी असायचा. "कुत्र्याला घरात कशाला घेतलंस" असं मला म्हणत तुम्ही त्याला सदऱ्याच्या खिशातून काहीतरी देत होतात. मला वाटलं, शेंगदाणे. ओवीने परवा सांगितलं काय होतं ते. तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि त्यालाही काही झालं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. पण यंदा गाजर आणा, नाहीतर भाकरीचा तुकडा द्या, त्याला फार आवडतो. आणि आलात की आधी दारातच खिसे रिकामे करा.

तुमची,
वैशाली