१२८ ठार, ३ बंदुका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांचा विषय निघाला की ‘सगळ्यांनी मौन पाळलं’ हे वाक्य हटकून येतं. आपल्या अंकातही ते अधूनमधून वाचतो आणि दर वेळी अडखळतो. मौन कसलं? अशा प्रकरणांत किती लिहिलं जातं ते एकदा बघा! अहवाल, पत्रकं, शिफारशी, पदकांची मानपत्रं. खरी हकिकत त्या कागदांखालीच गाडली जाते.

१६ मार्च १९६८ चं माय लाय घ्या. अमेरिकन सैनिक सकाळी व्हिएतनाममधल्या त्या वस्तीत शिरले आणि म्हातारी माणसं, बायका, कडेवरची पोरं यांना त्यांनी मारून टाकलं. व्हिएतनामच्या नोंदीत मृतांचा आकडा ५०४ आहे, अमेरिकन लष्कराच्या नोंदीत ३४७. त्या वेळी बातमी मात्र अशी दिली गेली: शत्रूचे १२८ ठार, ३ बंदुका हस्तगत. एवढे शत्रू पडले आणि हत्यारं तीन? बाकीचे काय रिकाम्या हातांनी लढत होते? हे गणित कोणालाही जमलं असतं. आकडे छापलेले होते, कोणी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

त्या सकाळी ह्यू थॉम्पसन हा हेलिकॉप्टर वैमानिक वरून हे पाहत होता. पळणारे गावकरी आणि त्यांच्या मागे लागलेले आपलेच सैनिक यांच्या मधोमध त्याने हेलिकॉप्टर उतरवलं. या सैनिकांनी गावकऱ्यांवर गोळी झाडली तर तुम्ही सैनिकांवर झाडा, असं आपल्या दोन साथीदारांना सांगून तो खाली उतरला. पुढे त्यांच्यापैकी ग्लेन आंद्रिओटा प्रेतांनी भरलेल्या चरात उतरला आणि त्याने एक जिवंत मूल बाहेर काढलं. थॉम्पसनने परतल्यावर वरिष्ठांकडे तक्रार केली. नंतर त्याला पदक मिळालं! मानपत्रात लिहिलं होतं की तुंबळ गोळीबारात सापडलेल्या मुलाला त्याने वाचवलं. दोन बाजूंचा गोळीबार तिथे नव्हताच. त्याने ते पदक फेकून दिलं. खऱ्या कामगिरीची सरकारी दखल घ्यायला १९९८ उजाडलं. ‘अशा चौकशांनी जवानांचं मनोधैर्य खचतं’ असं म्हणणाऱ्यांना मी हेच विचारतो, की थॉम्पसनच्या अंगावर कोणता गणवेश होता?

प्रकरण फुटलं ते एका पत्रामुळे. रॉन रायडनहॉर हा सैनिक त्या दिवशी तिथे नव्हता. ओळखीच्या सैनिकांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेलं त्याने जुळवलं आणि २९ मार्च १९६९ ला राष्ट्राध्यक्ष, संरक्षण खातं आणि लोकप्रतिनिधी अशा सुमारे तीस ठिकाणी पाठवलं. बहुतेकांनी ते बाजूला सारलं, दोघा-तिघांनी पाठपुरावा केला. बरोबर दोन वर्षांनी, २९ मार्च १९७१ ला, माय लायमध्ये शिरलेल्या एका पलटणीचा प्रमुख लेफ्टनंट कॅली दोषी ठरला. शिक्षा जन्मठेपेची, भोगली ती मुख्यतः नजरकैद, तीही साडेतीन वर्षांच्या आसपास. त्याच्याशिवाय कोणीही दोषी ठरलं नाही. माहिती दडपल्याचा खटला एकाच अधिकाऱ्यावर उभा राहिला, तोही सुटला.

दुसरं मौन निराळं, आणि त्याला याच पंगतीत बसवू नये. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने ज्या कोरियन मुलींना लैंगिक गुलाम केलं, त्यांच्यातल्या किम हाक-सुन १४ ऑगस्ट १९९१ ला स्वतःच्या नावानिशी आणि चेहऱ्यानिशी जाहीरपणे बोलल्या. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती, नेलं तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. मधली पन्नास वर्षं त्या गप्प होत्या असं आपण सहज म्हणून जातो. बोलल्या असत्या तर ऐकणारं कोण होतं? लाज गुन्हेगाराने बाळगायची, ती वाट्याला आली त्यांच्या, आणि ती देणाऱ्यांत शेजारपाजारचे, घरचेही असतात. त्या बोलल्यावर इतर देशांतल्या स्त्रियाही पुढे आल्या. म्हणजे सांगायला माणसं होती, अंगणात खुर्ची टाकून ‘बसा, सांगा’ म्हणणारं कोणी नव्हतं.

लिहिण्याचं निमित्त असं, की जगात कुठे ना कुठे लढाई चालूच असते आणि ‘चकमकीत इतके दहशतवादी ठार’ अशी एका वाक्याची बातमी कुठल्याही सैन्याच्या पत्रकावरून जशीच्या तशी छापली जाते. बातमीदाराला तिथे पोचता येत नाही, हे मान्य. पण तीन गोष्टी त्याच बातमीत देता येतील: हा आकडा कोणाचा, हत्यारं किती सापडली आणि त्या गावातल्या कोणाशी बोलणं झालं का. झालं नसेल तर ‘झालेलं नाही’ एवढं तरी छापा. त्याला फार तर एक ओळ लागेल.

आपला,
एक नियमित वाचक