रेवाच्या अंगणासाठी

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा बागेचा नकाशा पाहिला. आठ बाय सहा मीटरच्या अंगणात सहा गोल वाफे, कारंजं, तीन तऱ्हांच्या फरशा आणि एकवीस जातींची झाडं! एकेक गोष्ट छान आहे, पण सगळ्या मिळून निभायच्या नाहीत.

बागेतलं काम जागेपेक्षा कडांमुळे वाढतं. हिरवळ संपून वाफा लागतो तिथेच गवत आत घुसतं, तण माजतं, माती फरशीवर येते. तुझ्याच नकाशाचा हिशेब बघ. एक मीटर व्यासाचे सहा गोल म्हणजे लागवडीला जागा ४.७ चौरस मीटर आणि कड जवळजवळ १९ मीटर. त्याऐवजी कुंपणाच्या भिंतीलगत चार मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद असा एकच वाफा केलास, तर जागा तेवढीच मिळते आणि राखायची कड उरते ६.४ मीटर. शिवाय हिरवळ सलग राहते. दोन गोलांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत गवत कापायचं यंत्र वळतच नाही, तिथे कात्री घेऊन बसावं लागतं.

या वाफ्यात साधारण एक मीटर पसरणारं एकच झुडूप निवड आणि त्याची तीन रोपं लाव. रोप भिंतीपासून निदान अर्धा मीटर पुढे हवं. अंतर धरताना पिशवीतल्या रोपाकडे बघू नकोस, पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर धर. पहिल्या वर्षी वाफा रिकामा दिसेल आणि नेमका तिथेच लोकांचा धीर सुटतो. मग मधे आणखी झुडपं खोचली जातात, दोन-तीन वर्षांत ती एकमेकांत घुसतात, खालच्या फांद्यांना उजेड मिळत नाही आणि बुंधे उघडे पडतात. रिकाम्या जागी हंगामी फुलं लाव. पुढून हात जेमतेम ६० सेंटिमीटरपर्यंत पोचतो, म्हणून झुडपांमधल्या फटींत पाय ठेवायला एकेक चपटी फरशी टाक. माती तुडवली गेली की घट्ट होते आणि मुळांची हवा तुटते.

एक झाड, हे झुडूप, पुढच्या कडेला एखादं बुटकं पसरणारं रोप आणि फार तर अजून दोन-तीन जाती, एवढ्यावर थांब. एकाच वाफ्यात रोज पाणी मागणारं आणि आठवड्याने मागणारं रोप शेजारी आलं, की दोघांपैकी एक जातंच.

वाटेला फरशी एकाच प्रकारची वापर आणि रुंदी ९० सेंटिमीटर धर. दोघं शेजारी चालणार असतील तर १२०. खाली १० सेंटिमीटर खडी, पण ती दोन थरांत धुमसून, म्हणजे ठोकून घट्ट करून, आणि वर तीनेक सेंटिमीटर वाळू. फरशा खचतात त्या बहुतेक वेळा खडी नीट न धुमसल्यामुळे. दोन्ही बाजूंना पक्की कड नसेल तर वाळू निसटते आणि सांधे रुंदावतात. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, मीटरमागे दोन सेंटिमीटर.

कारंजं मात्र खोडच. पानं अडकून पंप बंद पडला की ते डासांचं तळं होतं!

खणायच्या आधी वाफ्याच्या जागी ३० सेंटिमीटर खोल खड्डा काढ, पाणी भर, ते जिरलं की पुन्हा भर. दुसऱ्या खेपेचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर तिथे थेट लागवड नको, वाफा उंच बांधावा लागेल. वाटेची वळणं पाण्याची नळी जमिनीवर टाकून आख आणि ज्या खिडकीतून बाग जास्त दिसते तिथून बघ. लागवडीनंतर पालापाचोळ्याचा पाच ते सात सेंटिमीटर थर दे, पण बुंध्यापासून चार बोटं लांब, नाहीतर साल कुजते.

नवा नकाशा आलेख कागदावर काढ, एका मीटरला दोन सेंटिमीटर धरून. त्यात नळ, उत्तर दिशा आणि भिंतीची सावली सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठवर येते ते दाखव. त्याशिवाय झाडाची जागा मला सांगता येणार नाही.

तुझी,
आई