शपथ नको, तारीख ठरव

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवता ठेवता ‘तुझी शपथ आई, सोमवारपासून बंद’ म्हणालास. ती शपथ मी परत करते आहे. सिगरेट सोडायचं मनावर घेतलंस याचा आनंद किती झाला ते लिहीत बसत नाही, पण त्यात मला गोवू नकोस. उद्या एखादा झुरका ओढलाच गेला, तर सिगरेट ओढल्याचं एक ओझं आणि आईला फसवल्याचं दुसरं. ते दुसरं असह्य झालं की माणूस पुन्हा सिगरेटच पेटवतो. वॉर्डात अशी शपथवाली मंडळी मी पुष्कळ पाहिली. चुकले की घरच्यांपासून लपवायचे, आम्हा सिस्टर लोकांपासूनही लपवायचे, मग मदत करणार कशी? ज्यांनी गाजावाजा न करता तारीख ठरवली आणि तयारी केली, त्यांचं जमायचं.

तारीख तू ठरवली आहेस. ‘आधी थोड्या कमी करतो, मग बघू’ या फंदात आता पडू नकोस. ब्रिटनमधल्या सुमारे 700 जणांवर एक अभ्यास झाला, तो 2016 साली छापून आला. निम्म्यांनी दोन आठवडे हळूहळू कमी करून मग सोडली, निम्म्यांनी ठरल्या दिवशी एका झटक्यात. चार आठवड्यांनी पहिल्यातले 39 टक्के टिकून होते, दुसऱ्यातले 49 टक्के. दोन्हीकडे निकोटिनचे, म्हणजे सिगरेटमधल्या सवय लावणाऱ्या द्रव्याचे, पॅच (अंगावर चिकटवायच्या पट्ट्या), च्युइंग गम वगैरे दिलेलं होतं, हेही लक्षात ठेव. नुसत्या जिद्दीवर सोडण्यात मोठा पराक्रम आहे असं तुझ्या बाबांना वाटतं. मला वाटत नाही. ताप आला तर गोळी घेतोस ना?

आता सोमवारनंतर काय होणार ते सांगते, म्हणजे झालं की घाबरणार नाहीस.

धूर आत घेतला की काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. रात्रभराच्या झोपेत ते बरंच उतरलेलं असतं, म्हणून सकाळची पहिली सिगरेट सगळ्यांत गोड लागते. ‘ओढली की डोकं शांत होतं’ असं तू नेहमी म्हणतोस. बरोबरच आहे, पण ते डोकं तापवलेलं असतं आधीच्या सिगरेटच्या उताराने. नवी सिगरेट फक्त ती आग विझवते आणि पुढच्या आगीची सोय करून जाते. त्यामुळे पहिल्या दिवसांत जी चिडचिड होईल तिला आपला स्वभाव समजू नकोस, आणि ‘सिगरेटशिवाय मी असाच असणार’ असा निष्कर्ष तर बुधवारी मुळीच काढू नकोस. बुधवार-गुरुवार हेच सगळ्यांत वाईट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास टोकाला जातो, आठवड्याभरात उतरणीला लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा बराचसा निवळतो. लक्ष लागणार नाही, झोप मोडेल, भूक वाढेल, उगाच रडूही येईल. खोकला कदाचित आधीपेक्षा वाढेल. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून साचलेला कफ वर ढकलायला लागतात, त्याचा तो खोकला. तोंड येईल, पोट साफ होणार नाही. या शेवटच्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही आणि लोक चौथ्या दिवशी ‘सिगरेटशिवाय पोटच साफ होत नाही’ म्हणून परत सुरू करतात! पाणी, फळं आणि चालणं सोमवारपासूनच वाढव.

एक गोष्ट मात्र डॉक्टरही सांगायला विसरतात. तुझी कॉफी. सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॅफिन फार भराभर संपवतं. धूर थांबला की हा वेग काही दिवसांत खाली येतो आणि रोजच्याच कपांमधलं कॅफिन अंगात कितीतरी जास्त वेळ राहतं. मग हात थरथरतात, छातीत धडधडतं, रात्री टक्क जाग. माणसाला वाटतं हे सिगरेट सोडल्यामुळे, आणि तो आणखी एक कॉफी घेतो. सोमवारपासून कॉफी निम्मी कर, दुपारनंतर बंदच. धुराचा असाच परिणाम काही औषधांवरही होतो, म्हणून तुझं जे काही औषध चालू असेल ते सिगरेट सोडण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

गमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण दहातले नऊ जण तो चुकीचा खातात असं माझं मत झालं आहे. तुला उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगरेट लागते, तेव्हा 4 मिलिग्रॅमचा घे, 2 चा पुरणार नाही. तोंडात टाकून सावकाश चाव. तिखटसर चव आली, झिणझिण्या आल्या की चावणं थांबव आणि गम गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून दे. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चाव, दुसऱ्या बाजूला ठेव. असं अर्धा तास चालतं. साध्या च्युइंग गमसारखा कचाकचा चावलास तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा उपयोग थोडाच होतो, उलट मळमळ आणि उचक्या. ‘मला गम सोसत नाही’ म्हणणाऱ्याला मी आधी चावून दाखवायला लावायची. आणि गम घेण्याआधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, फळांचा रस काही नको. तोंडात आंबट असलं की निकोटिन गालातून शोषलंच जात नाही.

अंगावर पॅच आणि वर तलफ आली की गम, असं दोन्ही मिळून घेतलं तर एकट्या कशाहीपेक्षा जास्त जणांना सुटते. पॅच रोज वेगळ्या जागी लाव. रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेव. व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही चांगली आहे, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि साधारणपणे सोडायच्या आठवडाभर आधी सुरू करायची असते. ती घ्यायची ठरवलीस तर सोमवार एक आठवडा पुढे गेला म्हणून बिघडत नाही. फक्त नवी तारीख आजच लिहून ठेव.

हाताचं काय करायचं, हा वेगळा प्रश्न आहे. आमच्या वॉर्डात एक गृहस्थ होते, नाकात ऑक्सिजनची नळी. बोलता बोलता त्यांचा उजवा हात छातीशी जायचा, दोन बोटं आत घातल्यासारखी करायची आणि तशीच रिकामी खाली यायची. हॉस्पिटलच्या त्या सदऱ्याला खिसाच नव्हता. रक्तातून निकोटिन गेल्यावरही हाताची ही सवय राहते. फोन वाजला, जेवण झालं, गाडीत बसलास, कुणाशी वाजलं, की हात निघणारच. तलफ काही मिनिटंच टिकते, तेवढा वेळ हाताला आणि पायांना काम दे. जागा सोडून ऊठ, तोंड धू, जिना चढून ये. रविवारी रात्री उरलेल्या सिगरेटी पाण्यात भिजवूनच टाक. नुसत्या कचऱ्यात टाकलेल्या लोक मध्यरात्री उकरून काढतात. गाडीतली राखदाणी धू, लायटर कुणाला तरी देऊन टाक. महिनाभर दारूच्या पार्ट्या नकोत. दोन पेग झाले की शहाणपण पहिलं जातं.

वजन दोन-चार किलो वाढेल. वाढू दे, नंतर बघू.

आता ‘इतकी वर्षं ओढली, आता काय फरक पडणार’ याचं उत्तर. रिचर्ड डॉल या ब्रिटिश संशोधकांनी तिथल्या डॉक्टरांच्या सिगरेट ओढण्यावर 1951 मध्ये अभ्यास सुरू केला आणि पुढची पन्नास वर्षं माहिती गोळा होत राहिली. साठीला सोडणाऱ्यांना सुमारे 3 वर्षांचं आयुष्य परत मिळालं, पन्नाशीला 6, चाळिशीला 9, तिशीला जवळजवळ 10. तू तिशी आणि चाळिशीच्या मध्ये आहेस, हिशेब तूच कर. डॉल स्वतः ओढायचे. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या आधीच्या अभ्यासाचे आकडे दिसायला लागले तेव्हा त्यांनी सोडली.

आणि चुकून एखादी ओढलीसच, तर ‘गेलंच सगळं’ म्हणून पाकीट आणू नकोस. उरलेली तिथेच विझव आणि कुणाला तरी सांग. कुठे होतास, कोण बरोबर होतं, आधी काय झालं होतं, एवढं आठवून ठेव. पुढच्या वेळी त्या जागेची तयारी आधी करता येते. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र ‘एकच झुरका’ हा प्रयोग मुद्दाम करायचा नाही. तो बहुतेकांना महागात पडतो.

सईला हे पत्र वाचायला दे. बुधवारी ती काही विचारेल आणि तू अंगावर धावून जाशील, तेव्हा तिला कारण माहीत असू दे. मी आपणहून फोन करून ‘ओढलीस का रे?’ विचारणार नाही. बुधवारी रात्री तू कर. खेकसायचं असेल तर माझ्यावर खेकस, मी फोन बाजूला ठेवून ऐकेन. सईला बिचारीला तशी सोय नाही.

तुझी,
आई

ता. क. गम आणि पॅच शनिवारीच आणून ठेव. सोमवारी सकाळी दुकान उघडायची वाट बघत बसलास तर काय विकत घेशील याचा मला भरवसा नाही.