नॅलोक्झोन घरच्यांच्या हाती हवे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

अमली पदार्थांचा विषय सोलापुरात निघतो तो छाप्यांच्या बातम्यांमुळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन या उत्तेजक अमली पदार्थाचा कारखाना सापडला तेव्हाही माल किती, किंमत किती, अटक किती, एवढीच चर्चा झाली. नशेत बेशुद्ध पडलेल्या माणसाचा श्वास मंदावू लागतो, त्या वेळी शेजारी असलेल्यांच्या हाती आपला कायदा काय देतो, हे मात्र कोणी विचारत नाही. शहराच्या पूर्व भागात औषधांचे दुकान चालवणारा म्हणून मी ते विचारतो आहे.

गर्द, मॉर्फिन, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध ही सारी अफूच्या वर्गातली द्रव्ये आहेत. मात्रा जास्त झाली की श्वासावर नियंत्रण ठेवणारे मेंदूतील केंद्र मंदावते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात आणि घशातून घरघर येऊ लागते; घरच्यांना वाटते, पोरगा घोरतो आहे. नॅलोक्झोन हे औषध ही द्रव्ये मेंदूतील त्यांच्या जागांवरून हटवते आणि स्नायूत टोचल्यावर किंवा नाकात फवारल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारू लागतो. परिणाम मात्र अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णाला सिव्हिलला न्यावेच लागते. मेफेड्रोनवर किंवा रसायनमिश्रित ताडीवर ते चालत नाही, ट्रामाडॉल या वेदनाशामकावर अर्धवट चालते. पण अफूवर्गीय द्रव्य शरीरात नसताना चुकून दिले गेले तरी त्यापासून अपाय होण्याची शक्यता नगण्य असते. त्याने नशाही येत नाही, उलट असलेली नशा उतरून अंग मोडून येते. त्यामुळे ‘यामुळे व्यसनाला प्रोत्साहन मिळेल’ हा आक्षेप मला पटत नाही.

भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत नॅलोक्झोन आहे, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते आणि चिठ्ठी असते रुग्णाच्या नावाची. बेशुद्ध माणूस स्वतःला औषध देऊ शकत नाही आणि त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या नावे चिठ्ठी निघत नाही. मागणीच नसल्याने किरकोळ दुकानदार ते ठेवत नाहीत. कोडीन, ट्रामाडॉल विकताना ‘एच-वन’ रजिस्टरमध्ये प्रत्येक नोंद करण्याची सक्ती आमच्यावर आहे आणि ती योग्यच आहे; पण त्यांचा उतारा आमच्या फळीवर असावा, याची तजवीज कोणी केलेली नाही.

दुसरी अडचण भीतीची आहे. एकदा रात्री दुकान बंद करताना दोन मुलांनी आपल्या मित्राला पायरीवर आणून टेकवले. त्याची नखे काळसर पडली होती. मी १०८ ला फोन लावत असताना त्यांनी एकच विचारले, “पोलीस येतील का, काका?” आणि काय घेतले, किती घेतले, हे न सांगता दोघे निघून गेले. त्यांची भीती निराधार नव्हती. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाच गुन्हा आहे. कलम ६४-अ ची सवलत स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनीला आहे, मित्रासाठी मध्यरात्री रुग्णवाहिका बोलावणाऱ्याला नाही. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ चे संरक्षण मिळाले. तसेच संरक्षण येथे का असू नये? अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने असा कायदा २००७ मध्येच केला. ब्रिटनने २००५ मध्ये जीव वाचवण्यासाठी हे इंजेक्शन कोणालाही देण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याचा नाकातील फवारा चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली.

ओव्हरडोसचा सर्वांत मोठा धोका व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच घरी आलेल्यांना असतो आणि याची जाणीव फार कमी कुटुंबांना आहे. काही आठवडे नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते; मग एखाद्या संध्याकाळी पाय घसरला आणि जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरते. कर्ज काढून मुलाला केंद्रात ठेवलेले, तो अंगाने भरून परत आला म्हणून समाधानात असलेले आई-बाप माझ्या दुकानात येतात; त्यांना पथ्य सांगितलेले असते, गोळ्यांची चिठ्ठी दिलेली असते, पण हा धोका कोणी सांगितलेला नसतो.

केंद्र सरकारने हे औषध चिठ्ठीच्या अटीतून मुक्त करावे, नाकातील फवारा परवडणाऱ्या दरात उपलब्ध करावा आणि मदतीसाठी फोन करणाऱ्यावर व रुग्णावर सेवनाचा गुन्हा नोंदवला जाणार नाही, अशी दुरुस्ती एनडीपीएस कायद्यात करावी. त्याला वेळ लागेल. तोपर्यंत जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्यातील प्रत्येक १०८ रुग्णवाहिकेत आणि ग्रामीण रुग्णालयात नॅलोक्झोनचा साठा आहे का, याची तपासणी करून घ्यावी. व्यसनमुक्ती केंद्रांनी रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांना समोर बसवून ओव्हरडोसची लक्षणे, कुशीवर झोपवण्याची पद्धत आणि १०८ वर नेमके काय सांगायचे ते शिकवावे. यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आपला विश्वासू,
एक औषध विक्रेता,
पूर्व भाग, सोलापूर