टायपिंगचा स्पीड राहू द्या, टायपिंगच कमी करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

टायपिंगचा स्पीड कसा वाढवायचा यावर आपल्या पेपरात मध्यंतरी लेख आला होता. बोटं कुठे ठेवायची, की-बोर्डकडे न बघता कसं मारायचं, सगळं बरोबरच आहे. पण दिवसभर टाइप करणाऱ्या माणसाचा वेळ जातो तो तेच तेच परत मारण्यात, तोच पत्ता, तोच ईमेल आयडी, तेच "आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की", आणि हे कितीही फास्ट मारलं तरी मुळात मारायचंच कशाला हा प्रश्न त्या लेखात कुठे आलाच नाही, म्हणून हे पत्र.

कॉम्प्युटरला एकदाच सांगून ठेवता येतं की मी ही तीन-चार अक्षरं मारली की त्यांच्या जागी हे अख्खं वाक्य टाक. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग आणि मग ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जायचं, डावीकडच्या रकान्यात शॉर्टकट, उजवीकडे पूर्ण मजकूर, अ‍ॅड म्हणायचं, झालं. ज्या ऑटोकरेक्टला लोक उठता-बसता शिव्या घालतात त्याच्याच खिडकीत ही सोय पडून आहे, फक्त तिथली यादी कंपनीने भरलेली असते आणि आपण तिच्यात आपलं काही घालायला जात नाही. साधा मजकूर तिथे २५५ अक्षरांपर्यंत बसतो. त्याहून मोठा परिच्छेद असेल तर तो आधी सिलेक्ट करायचा, मग ती खिडकी उघडायची आणि फॉरमॅटेड टेक्स्ट निवडायचं. गूगल डॉक्समध्ये हेच टूल्स, प्रेफरन्सेस, सब्स्टिट्यूशन्समध्ये मिळतं.

पण वर्डमधली यादी ब्राउझरमध्ये चालत नाही, तिथे परत हातानेच. मॅकवाल्यांचं बरं आहे, सिस्टीम सेटिंग्जमध्ये की-बोर्डखाली टेक्स्ट रिप्लेसमेंट्स असतं आणि आयक्लाउड चालू असेल तर तीच यादी आयफोनवरही येते. विंडोजवर सगळीकडे चालायला हवं तर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ऑटोहॉटकी किंवा एस्पान्सो, दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्यांचा कोड कोणालाही बघता येतो. एस्पान्सो मॅक आणि लिनक्सवरही चालतं, आणि आजची तारीख स्वतःहून टाकायला त्याला शिकवता येतं, पत्रं लिहिणाऱ्याला एवढ्यासाठीसुद्धा ते परवडेल.

खरी मेख शॉर्टकट निवडण्यात आहे आणि तिथेच बहुतेकांचं बिनसतं. शॉर्टकट असा हवा जो खऱ्या शब्दात कधी येणारच नाही. सोपा म्हणून नेहमीचाच छोटा शब्द घेतला की भलत्याच वाक्यात अख्खा पत्ता येऊन बसतो, मग लोक वैतागून सगळंच बंद करून टाकतात. म्हणून शॉर्टकटच्या सुरुवातीला कोलन लावायचा नाहीतर एखादं अक्षर डबल घ्यायचं. नको तिथे झालंच तर वर्डमध्ये लगेच कंट्रोल झेड मारलं की फक्त तो बदल मागे जातो, तुमची मूळ अक्षरं परत येतात.

आणि मराठीची स्वतःची एक अडचण आहे. आपल्याकडे नुसतं नाव येऊन भागत नाही, मागे प्रत्यय लागतो. "मुख्य अभियंता" साठवून ठेवलं, पण पत्रात लागतं अभियंत्यांनी, अभियंत्यांकडे, अभियंत्यांच्या, म्हणजे परत खोडाखोड. यावर उपाय म्हणजे दोन शॉर्टकट करायचे, एक "मुख्य अभियंता" आणि दुसरा "मुख्य अभियंत्यां" असा अर्धवट, पुढचं नी, कडे, च्या आपण हाताने मारायचं. वर्डमध्ये स्पेस मारल्यावर बदल होतो, त्यामुळे ती स्पेस खोडावी लागते. ऑटोहॉटकीत ओ नावाचा पर्याय लावला की ती स्पेस तेच गिळून टाकतं, आणि एस्पान्सो तर स्पेसची वाटच बघत नाही, शेवटचं अक्षर पडलं की बदल झाला, प्रत्यय थेट चिकटतो.

आपोआप होणाऱ्या सगळ्याच गोष्टी चांगल्या असतात असं मी म्हणत नाहीये हं. एक्सेल काही जनुकांच्या नावांना तारीख समजून बदलून टाकायचं, एवढा घोळ व्हायला लागला की शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच नावं बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ झालं. पण एक्सेल करायचं तो बदल कोणी मागितला नव्हता, इथे यादी आपली असते.

एक मात्र सांगायलाच हवं, पासवर्ड किंवा बँकेचे नंबर या यादीत चुकूनही घालू नयेत, यादी साध्या फाइलमध्ये पडलेली असते, कोणीही उघडून वाचू शकतं. शिवाय असं सॉफ्टवेअर तुमची प्रत्येक की बघत असतं, बघितल्याशिवाय त्याला शॉर्टकट कळणार कसा, त्यामुळे ते मूळ साइटवरूनच घ्यावं आणि ऑफिसचं मशीन असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारावं.

तर विनंती अशी की टेक्नॉलॉजीच्या पानावर दर वेळी नवे मोबाइलच न येता कधीतरी हेही स्क्रीनचे फोटो देऊन सविस्तर छापावं. त्यात यादीचा बॅकअप कसा घ्यायचा ते नक्की सांगा, एस्पान्सो आणि ऑटोहॉटकीची फाइल नुसती कॉपी करून ठेवली तरी चालते, वर्डमधला फॉरमॅटेड मजकूर मात्र नॉर्मल नावाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या साच्याच्या फाइलमध्ये असतो, आणि मशीन फॉरमॅट करताना ते कोणाच्या लक्षातच येत नाही.

आपला,
एक नियमित वाचक